बाहेरची हवा

सांगू की नको, असं करत मी दीड वर्ष काढलं. पण परवा चहा पिताना बाबा सहज म्हणाले, "आज हवा बरी सुटली," आणि माझ्याकडे पाहून एकदम गप्प झाले. आमच्या घरात 'हवा' हा शब्द आता जपून वापरतात. माझ्यामुळे. तेव्हा ऐकाच.

आम्ही सौंदडचे. बाबांची एक छोटी पांढरी कार आहे, वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठी. गुडघा धरल्यापासून बाबा चालवत नाहीत, मी चालवते. त्या दिवशी देवरीला आत्याच्या मयूरीचं लग्न होतं. आई दोन दिवस आधीच गेली होती. मुहूर्त साडेअकराचा, रस्ता तासाभराचा.

आणि बाबा काही नुसते पाहुणे नव्हते. ते मयूरीचे एकुलते एक मामा. नवरीला हाताला धरून मांडवात आणायचं आणि मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागे उभं राहायचं, हे मामाचं काम. त्यासाठी बाबांनी गुलाबी फेटा बांधून घेतला होता. चुरगळू नये म्हणून तो मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं बाळ घ्यावं तसा.

आठला निघालो. रेल्वे फाटक बंद होतं म्हणून थांबलो, तर गाडी थरथरली आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली. आधी उगाच मोठ्याने गुरगुरली, मग हुडहुडी भरल्यासारखी हलली, बंद. पाय दाबून ठेवला तर जिवंत, पाय काढला की मेली.

फाटकाजवळच झनकलाल मिस्त्रींचं गॅरेज आहे. लोकांनी ढकलत तिथे नेली. मी फ्रॉकमध्ये होते तेव्हापासून झनककाका मला ओळखतात. त्यांनी बॉनेट उघडलं, मला गाडी सुरू करायला लावून डोळे मिटले आणि नुसतं ऐकत राहिले. मग मान हलवून म्हणाले, "बाहेरची हवा आहे बेटा. कुठून शिरून राहिली ते पाहा लागते."

आता माझ्या डोक्यात काय झालं ते समजून घ्या. आमच्याकडे भूतबाधेला 'बाहेरची हवा' म्हणतात. बाईला ताप आला, बाहेरची हवा. पोर रडतं, बाहेरची हवा. आणि मी कोण? बी.एस्सी. फिजिक्स, गावोगावी अंधश्रद्धेवर भाषणं देणारी. आदल्याच महिन्यात एका गावात 'बाहेरची हवा म्हणजे काय?' या विषयावर मी दीड तास बोलले होते. लोक तासाभरातच उठून गेले होते, पण मी बोलले होते.

"काका, तुम्हीसुद्धा?" मी म्हणाले.

"म्या काय केलं?"

"अहो, यंत्राला कधी बाहेरची हवा लागते का?"

"लागते ना. जुन्या गाड्याइले तर लयच लागते."

माझा पारा चढला. तेवढ्यात त्यांनी इंजिनवरून, नळ्यांवरून हळूहळू हात फिरवला. पेट्रोल कुठे पाझरत नाही ना, हे ते पाहत होते. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मला वाटलं, दृष्ट काढतायत.

मग त्यांनी देवाच्या फोटोपुढची अगरबत्ती उचलली.

"बेटा, तू आत बस. एक्सलेटर धरून ठेवजो, बंद नको पडू देजो." असं म्हणून ते पेटती अगरबत्ती घेऊन इंजिनवर वाकले आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटायला लागले. मी कान दिला. "इथं नाही... इथं नाही... इथं नाही..."

बास. मी किल्ली फिरवून गाडी बंद केली, खाली उतरले आणि त्यांच्या हातातली अगरबत्ती काढून घेतली. त्यांच्याच चहाच्या ग्लासात बुडवली. अर्धा चहा होता त्यात.

"काका, या गाडीला मंत्र नको, विज्ञान हवं आहे."

फाटकाशी थांबलेले दहा-बारा लोक बघत होते. श्रोते दिसले की माझा आवाज चढतो. मी त्यांनाही चार शब्द ऐकवले. झनककाकांनी ग्लासाकडे पाहिलं, हात पुसले.

"मंग तूच पाहा विज्ञान," ते म्हणाले आणि बाकावर जाऊन बसले.

बाबा कारमधून म्हणाले, "काऊन भांडून राहिली व पोरी? त्याचं काम त्याले करू दे."

"बाबा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"मले लग्नाचा वाटून राहिला."

मी बाह्या सरसावल्या. पाना मागितला, काकांनी मुकाट्याने दिला. मी प्लग काढले, पुसले, बसवले. बॅटरीच्या तारा घासल्या. एअर फिल्टर झटकला आणि धूळ सगळी साडीवर घेतली. गाडी आधीसारखीच थरथरून बंद. साडेनऊला देवरीची एसटी समोर येऊन थांबली.

"चाल, बसने जाऊ," बाबा म्हणाले.

"पंधरा मिनिटं द्या."

एसटी गेली. ती एसटी मला अजून दिसते. मागची खिडकी रिकामी होती.

दहाला आत्याचा फोन आला. "दादा, कुठपर्यंत आलास?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि खोटं बोलले, "निघालोच." बाबा खोटं बोललेलं मी तोवर कधी ऐकलं नव्हतं.

पावणेअकरा होत आले तेव्हा मी मोबाइलवर गाडीची लक्षणं टाकली. एक व्हिडिओ आला. चकाचक गॅरेज, पांढरे हातमोजे घातलेला माणूस. तो सांगत होता, जुन्या गाडीत रबरी नळीला चीर पडली की इंजिन तिथून बाहेरची हवा ओढतं. पेट्रोल आणि हवेचं गणित बिघडतं आणि गाडी स्लोवर, म्हणजे पाय काढल्यावर, टिकत नाही. याला म्हणतात व्हॅक्यूम लीक. आणि ही चीर शोधायची कशी? त्या माणसाने खिशातून काहीतरी काढलं.

अगरबत्ती.

इंजिन चालू ठेवायचं, अगरबत्ती फिरवायची, जिथे धूर आत ओढला जाईल तिथे गळती. फिजिक्स. बारावीचं.

मी व्हिडिओ बंद केला. मोबाइल पर्समध्ये ठेवला. मग बाकापाशी गेले.

"काका... ती अगरबत्ती..."

"अजून एक बुडवाची आहे काय?"

"नाही. लावता का?"

"आता विज्ञान झालं काय हे?"

मी मान खाली घातली. ते उठले. मी आत बसून एक्सलेटर धरला. "इथं नाही... इथं नाही..." आणि मग, "हे पाहा." कार्बोरेटरच्या मागे बोटभर रबरी नळीपाशी धुराची रेघ वाकली आणि सुर्रकन आत गेली. काकांनी नळी बदलली, क्लिप आवळली. पाच मिनिटंही लागली नसतील. गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली.

अकरा वाजून गेले होते. आपल्याकडे लग्नं वेळेवर लागत नाहीत, या भरवशावर मी गाडी हाणली. पण त्या दिवशी भटजींना दुसऱ्या गावचं लग्न गाठायचं होतं. साडेअकराचं लग्न साडेअकराला लागलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा पंगत बसत होती. मयूरीच्या मागे तिच्या मोठ्या काकांना उभं केलं होतं. मयूरी बाबांच्या पाया पडली आणि म्हणाली, "मामा, अंतरपाट धरला तरी मी मांडवाच्या दाराकडेच पाहत होते."

बाबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फेटा त्यांनी घातलाच नव्हता. तो गाडीत मागच्या सीटवर राहिला.

परतताना संध्याकाळी मी गॅरेजपुढे गाडी थांबवली. माफी मागायची होती. भाषण तयार होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "काका, चुकलं माझं."

काकांनी मला बाकावर बसवलं, नवी अगरबत्ती पेटवली आणि माझ्या डोक्याभोवती फिरवायला लागले. कानापाशी, कपाळापाशी. "इथं नाही... इथं नाही..."

"काय पाहून राहिला रे झनकलाल?" बाबांनी गाडीतून विचारलं.

"हवा कुठून शिरली ते पाहून राहिलो." काका मागे सरले आणि धुराची सरळ वर जाणारी रेघ निरखत म्हणाले, "नाही जी. कुठीच चीर नाही. हवा पयलेपासूनच भरली आहे."

बाबा हसले. सकाळपासून पहिल्यांदा. मीही हसायला पाहिजे होतं, पण मागच्या सीटवर तो गुलाबी फेटा तसाच बांधलेला होता, एक सुरकुतीही न पडलेला. मी म्हणाले, धूर गेला डोळ्यात.