यमुनेचा चेहरा

लग्न होऊन घरात आल्यावर सूनबाई पहिल्यांदा खळखळून हसली ती एका मकराला.

सासरे लघुचित्रं काढायचे. खिडकीखालच्या बैठ्या मेजावर तळहाताएवढा कागद, शिंपल्यांत कालवलेले रंग आणि हातात चार केसांचा कुंचला. त्या दिवशी कागदावर गंगा उमटत होती, आपल्या वाहनावर, म्हणजे अर्धी मगर आणि अर्धा मासा असलेल्या मकरावर बसलेली. चहा ठेवायला वाकलेल्या सूनबाईला हसू आवरेना.

"काय झालं?" सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काही नाही, बाबा. याची दाढ दुखतेय बहुतेक."

"अगदी बरोबर बोललीस गं!" सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या. सासऱ्यांच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "एवढं कळतंय तर काढून दाखव," म्हणत त्यांनी एक खराब झालेला कागद पुढे सरकवला.

सूनबाई माहेरी कापडावर भरतकाम करायची, हात बसलेला होता. तिने मकर काढला. जबडा वासलेला, शेपटी ऐटीत वळलेली, आणि पाठीवर देवी बसलीय याचा त्याला कोण तोरा! सासऱ्यांनी कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहिला.

"उद्यापासून जनावरं तुझी," शेवटी ते म्हणाले. "देव्या माझ्या."

तेव्हापासून एकाच कागदावर दोघांचे हात चालू लागले. गंगेचा मकर आणि यमुनेचं कासव सूनबाईचं. देवी, तिचा कलश आणि पाणी सासऱ्यांचं. भांडणं तर पाचवीला पुजलेली.

"तुझं कासव निघालंय कुठे एवढ्या घाईने? माझी यमुना पडेल!"

"तिला नीट धरून बसायला सांगा ना, बाबा."

सूनबाईचा नवरा बस चालवायचा. तो घरी यायचा तेव्हा पुष्कळदा या दोघांचा अबोला असायचा, आणि निरोपांची ने-आण त्याच्याच गळ्यात पडायची. सासूबाई मात्र या भांडणांत कुणाचीच बाजू घ्यायच्या नाहीत. डोळे बारीक करून हसू दाबायच्या.

त्या गेल्या अचानक, साध्या तापाचं निमित्त होऊन. सासऱ्यांनी काम थांबवलं नाही, पण थंडी सुरू झाली तसा त्यांचा हात थरथरू लागला. यमुनेचं एक चित्र अर्धवट राहिलं. वस्त्रं झाली, पाणी झालं, कासवही झालं. चेहऱ्याची जागा तेवढी कोरी. त्यांनी दुसऱ्या कागदावर डोळा काढून पाहिला, तो फिसकटला. त्यांनी कुंचला खाली ठेवला.

"चेहरा तू काढ."

"मी नाही. देव्या तुमच्या, ठरलंय आपलं."

चित्रावर फडकं पडलं आणि ते तसंच राहिलं.

एका सकाळी सासरे फिरायला गेले असताना सूनबाईने धूळ झटकायला फडकं उचललं. सावळ्या गळ्यावर मोत्यांची माळ, आणि वर काहीच नाही. तिला ते बघवेना. ती बसली, श्वास रोखून कुंचला टेकवला. सासऱ्यांच्या यमुनांचे डोळे लांबट, कमळाच्या पाकळीसारखे असत. सूनबाईचा हात तसा वळेचना. डोळा जरा बारीक झाला, हनुवटी किंचित रुंद. चेहरा पुरा झाला तेव्हा तिच्या लक्षात आलं, हा कुणाचा आहे ते. तिने कुंचला पटकन खाली ठेवला.

सासरे आले. भिंग लावून बघत बसले.

"ही मला हसतेय."

"पुसून टाकू, बाबा?"

"खबरदार!" त्यांनी भिंग आणखी जवळ नेलं. "ती म्हणायची, माझा रंग तुमच्या देवीला शोभायचा नाही. मी म्हणायचो, बघू. अगं, यमुना सावळीच असते. जन्मभर काढत आलो, आणि मला हे सुचू नये?"

सूनबाईने त्यांच्या हातून भिंग हळूच काढून घेतलं.

ज्याने हे चित्र सांगितलं होतं त्या गिऱ्हाइकाला दुसरी यमुना करून द्यायचं ठरलं. चेहरा सूनबाईच काढणार होती, सासरे शेजारी बसून चुका काढणार होते. पहिलं चित्र खिडकीशेजारी भिंतीला लागलं.

संध्याकाळी नवरा कामावरून आला. बूट काढता काढता त्याची नजर वर गेली आणि तो एका पायावर तसाच थांबला.

"आई कासवावर कधी बसली?"

सासरे हसायला लागले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच, खोकला येईपर्यंत हसले. नवरा बूट हातात घेऊन जमिनीवरच बसला आणि पोटभर रडला. मग त्याने डोळे पुसले आणि चित्र नीट दिसावं म्हणून दिवा जरा जवळ ओढला.