झऱ्याकडे चालत गेलेलं छप्पर

रिवेटमावशीने बस दुरुस्तीच्या कारखान्यात एकतीस वर्षं रिवेट मारून बसचे पत्रे जोडले. निवृत्तीनंतर चार दिवसांत तिने घरातल्या सगळ्या डगमगत्या खुर्च्या पक्क्या केल्या आणि पाचव्या दिवशी न डगमगणाऱ्यांकडे वळली. तिचे यजमान शाळेत गणित शिकवायचे. त्यांना सगळे मास्तरच म्हणत. ते म्हणाले, "अगं, बाहेर काहीतरी काम बघ. नाहीतर उद्या मलाही रिवेट मारशील."

काम चालूनच आलं. वस्तीच्या वरच्या अंगाला झरा होता. पाणी नितळ, पण उघडं. पालापाचोळा त्यात, शेळ्यांची तोंडंही त्यातच. एका सकाळी मास्तरांच्या तांब्यातून बेडूक निघाला. मास्तर चष्मा पुसून बेडकाकडे बघत राहिले, बेडूक मास्तरांकडे. मावशी हसता हसता ओट्याला टेकली आणि एकदम हसायची थांबली. शेजारच्या तान्ह्या बाळालाही हेच पाणी पाजतात, हे तिच्या ध्यानात आलं.

दुपारी ती धाकट्या जावेला घेऊन भंगारवाल्याकडे गेली. तिथे एका मोडीत निघालेल्या बसचं छत पडलं होतं. मावशीने त्यावरून बोट फिरवलं. "ही रिवेटांची ओळ माझी आहे गं. बघ, एकही ढिला नाही." छत, पलंगाचे लोखंडी पाय आणि बसमध्ये उभ्याने धरायचा पोकळ दांडा घेऊन दोघी परतल्या.

आठवडाभर त्यांनी झऱ्यातला गाळ उपसला. पाणी जिथून फुटत होतं, तिथे दगड-सिमेंटची बंद पेटी बांधली आणि तिच्यात तो दांडा नळीसारखा बसवला, म्हणजे कुणाला आत हात घालायला नको. पावसाचा गढूळ लोंढा बाजूने जावा म्हणून वरच्या बाजूला चर खणला. छप्पर मात्र मावशीने अंगणातच जोडलं. मास्तरांनी त्याचं माप तीनदा घेतलं, फाटकाचं एकदाही नाही.

"आता हे बाहेर कसं न्यायचं?" जावेने विचारलं.

"माझ्याकडे बघू नका. मला छपराचंच माप विचारलं होतं," मास्तर म्हणाले.

शेवटी मावशी-मास्तर धरून आठ जणांनी ते कुंपणावरून उचललं आणि डोक्यावर घेतलं. खाली वाकल्यामुळे त्यांना फक्त एकमेकांचे पाय दिसत होते. जाऊ पुढे त्यांच्याकडे तोंड करून उलटी चालत दिशा सांगत होती. "डावीकडे घ्या," ती म्हणाली. पण तिचं डावं ते त्यांचं उजवं. छप्पर थेट न्हाव्याच्या दुकानाच्या पायरीला जाऊन भिडलं. आतून गालाला साबण फासलेला एक माणूस बाहेर आला, काय चाललंय ते न विचारता छपराखाली शिरला आणि त्याने खांदा दिला. त्याच्यामागून वस्तरा मिटत न्हावीही आला.

"कुठं जायचंय?" आत आल्यावर गिऱ्हाइकाने विचारलं.

"शेवटच्या स्टॉपला," अंधारातून मास्तर म्हणाले.

मावशीला हसू आवरेना. तिचं हसू शेजारच्याला लागलं, त्याचं पुढच्याला. छप्पर थरथरायला लागलं आणि भर रस्त्यात खाली ठेवावं लागलं. पत्र्याखालून दहा माणसांचं हसणं बाहेर येत होतं आणि एक सायकलवाला पाय टेकून ते ऐकत उभा होता.

चढावर सगळ्यांचा दम निघाला. पण संध्याकाळच्या आत खांब रोवले गेले, बोल्ट आवळले गेले आणि जावेने नळीचं बूच काढलं. आधी नळी खोकली, मग तिच्यातून पाण्याची जाड, स्वच्छ धार सुटली. अर्धीच दाढी झालेल्या गिऱ्हाइकाने पहिली ओंजळ धरली. "गार आहे," तो म्हणाला, आणि गालावर वाळलेला साबण तिथेच धुऊन टाकला.

मग एकेक जण पाणी प्यायला. मावशी ओल्या दगडावर बसली आणि तिने नळीखालून वाहून जाणाऱ्या पाण्यात पाय सोडले. जाऊही शेजारी टेकली. दोघी एकमेकींकडे बघायच्या आणि पुन्हा हसत सुटायच्या. मास्तर भरलेल्या कळशा घेऊन दोनदा घरी जाऊन आले, तरी त्या तिथेच बसलेल्या होत्या.