चंद्राच्या दोन रेघा

एर्सिलियाला दिवस गेलेत ही बातमी नापोलीजवळच्या पोर्तिचीतल्या आमच्या गल्लीत पसरली ती झेरॉक्सच्या दुकानातून. बाईचं वय सेहेचाळीस, लेक लग्न होऊन मिलानला, नवरा साबातो गुडघ्याला पट्टा बांधून लंगडणारा. तरी पसरली, कारण दुकानदारानं कागद स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. काळपट छपाई, मधे धुरकट पांढरा गोळा, कडेला बारीक आकडे. समोरच्या दोन्ना तितिनानं लोकरीचे मोजे विणायलाही घेतले. तीन दिवसांनी उलगडा झाला, की तो गोळा म्हणजे मृग नक्षत्रातला धुळीचा ढग. तिथं नवे तारे जन्माला येतात, आणि ते चित्र अवरक्त दुर्बिणीनं टिपलेलं होतं. "म्हणजे बाळंतपणच की," असं म्हणून तितिनानं मोजे पुरे केले.

एर्सिलिया इस्त्रीवाली. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि हातात इस्त्री आली ती आजतागायत. तिची एक लकब अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. कपड्याला लावण्याआधी ती इस्त्री गालाजवळ नेते, बोटभर अंतरावर धरते आणि डोळे मिटते. ताव, म्हणजे आच, रेशमाची आहे की लिननची, हे गाल सांगतो. बत्तीस वर्षांत एक सदरा जळलेला नाही, गालही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिनं रात्रशाळेत नाव घातलं. गल्लीला वाटलं, नवऱ्याच्या घोरण्यापासून सुटका म्हणून घातलं असेल. पण एके दिवशी भौतिकशास्त्राच्या प्रोफेसर इम्प्रोतांनी हर्शेलची गोष्ट सांगितली. मूळचा वाद्यं वाजवणारा हा माणूस पुढे आकाशाच्या नादी लागला. त्यानं लोलकातून उन्हाचे रंग पाडले, एकेका रंगात थर्मामीटर ठेवला आणि शेवटी लाल रंगाच्याही पलीकडे, जिथं काहीच दिसत नव्हतं तिथं ठेवला. पारा तिथंच सगळ्यात वर चढला. वर्गातले बाकीचे दिवसभराच्या कामानं पेंगत होते. एर्सिलिया बाकावरून उठून उभी राहिली.

"म्हणजे माझा गाल इतकी वर्षं जे ओळखतोय, त्याला नाव आहे?"

"आहे. अवरक्त किरण," प्रोफेसर म्हणाले. "आणि तुमच्या गालाहून लाखपट हळव्या दुर्बिणी आहेत, सिन्योरा."

झालं. त्या दिवसापासून बाई गल्लीची राहिली नाही. गावच्या संताच्या, सान चिरोच्या, तसबिरीभोवती दीर्घिकांची चित्रं लागली, फ्रिजवर शनी आला, संडासाच्या दारावर मरणाऱ्या ताऱ्याचं कडं. धुळीआडचा प्रकाश आपल्या डोळ्यांपर्यंत येत नाही, पण ताव आरपार येतो, हे ती पाव घेताना सांगे, मासे घेताना सांगे. मासेवाला तिला पाहिलं की आधीच मान डोलवायला लागे. सांतुच्चो शिंप्यानं एकदा टोमणा मारला, की हे रंग तर म्हणे माणसंच नंतर भरतात, म्हणजे चित्रं रंगवलेलीच. ती म्हणाली, "रंगवलेलीच. पण तुमच्या मिशांसारखी नाहीत. कुठला रंग कशासाठी, ते खाली लिहिलेलं असतं." सांतुच्चो आठवडाभर तिच्या दुकानापुढून गेला नाही.

मग तिला मेल्लोनी सापडला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी या माणसानं आपल्याच व्हेसुव्हियस डोंगरावर मीटरभर रुंदीचं भिंग लावून चंद्राची ऊब मोजली होती. त्याच्या आधी भल्याभल्यांनी हात टेकले होते. आणि तो मेला कुठं? इथं, पोर्तिचीत, कॉलऱ्यानं. एर्सिलियाला हे कळलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला, जणू सख्खा चुलता सापडला. तिनं ठरवलं, आपणही चंद्राची ऊब मोजायची. जानेवारीतल्या एका शनिवारी नापोलीत शाळांचं विज्ञानप्रदर्शन होतं आणि रात्रशाळेला त्यात एकच टेबल मिळालं होतं. प्रोफेसरांनी ते तिला दिलं. शाळा सोडल्यापासून तिच्या नावाचं काही कुणी टेबलावर मांडलं नव्हतं.

आरसा म्हणून साबातोची टीव्हीची डिश उतरवली. साबातोनं आकांत केला, कारण त्या आठवड्यात नापोलीचा फुटबॉलचा सामना होता. शेवटी तो पट्टा आवळून बारमध्ये गेला आणि तिथं बायकोनं विज्ञानासाठी मला घराबाहेर काढलं असं ऐटीत सांगू लागला. डिशला आतून ॲल्युमिनियमचा कागद लावला. एकही सुरकुती नको म्हणून बाईनं तो कोमट इस्त्रीनं सपाट केला होता. मधोमध प्रोफेसरांनी आणलेला ताव मोजणारा चिमुकला तुकडा बसवला, वाऱ्यापासून जपायला उरलेलं अन्न झाकायची पातळ प्लास्टिक फिल्म त्यावर ताणली आणि तारा शाळेच्या कपाटातल्या जुन्या काट्याच्या मीटरला जोडल्या.

गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला पौर्णिमेचा चंद्र डोंगराच्या खांद्यावरून वर आला आणि गच्चीवर गल्ली आली. एकूण एकोणीस माणसं आणि एक कुत्रा. आमच्याकडे शेजारणीनं गच्चीवर काही मांडलं आणि आपण गेलो नाही, तर तिच्याशी भांडण आहे असाच अर्थ होतो. रिकाम्या हातानं जाणं त्याहून वाईट. सांतुच्चोनं किटलीभर कॉफी आणली. एर्सिलियानं डिश चंद्राकडे वळवली, काटा थरथरला, आणि बघता बघता बारा रेघा चढला.

मग काय विचारता. सांतुच्चोनं तिला मिठी मारली, मिशांचं विसरला. मासेवाल्यानं बारा आकडा लॉटरीला लावला. पोर्तिचीच्या फेसबुकवर "आमच्या इस्त्रीवालीनं चंद्र तापवला" असं झळकलं. साबातोला तर बारमध्ये फुकट पाजली गेली.

शुक्रवारी सकाळी एर्सिलियानं इस्त्री गालाजवळ नेली, डोळे मिटले, आणि ते मिटलेलेच राहिले. काल काटा चढला तेव्हा आपल्या गालाला काय लागलं होतं? ऊब. डाव्या बाजूनं. चंद्र तर उजवीकडे होता. तिला आणखी एक आठवलं. चंद्र सांतुच्चोच्या धुराड्याआड गेला तरी काटा बारावरच होता. डावीकडे, डिशला खेटून, दोन्ना तितिना तळलेल्या पिझ्झांची परात घेऊन उभी होती. नुकत्याच कढईतून निघालेल्या.

आता आली का पंचाईत? बोलावं, तर गल्ली हसेल आणि तितिना वर्षभर खिडकी उघडणार नाही. गप्प बसावं, तर उद्या नापोलीत आपल्या नावाखाली चंद्र म्हणून पिझ्झा मांडायचा. हातातला सदरा तिनं तसाच ठेवला आणि ती समोरच्या जिन्यानं वर गेली.

"दोन्ना तितिना, कालचा आकडा चंद्राचा नव्हता."

"मग कुणाचा?"

"तुमच्या परातीचा."

तितिना खुर्चीत बसली. पहिल्यांदा म्हणाली, की तळणाला आजवर कुणी नावं ठेवली नाहीत. मग म्हणाली, की एकोणीस जणांनी खाल्लं तेव्हा नाही कुणाचा काटा हलला. एर्सिलिया उभीच होती. तितिनानं तिच्याकडे नीट पाहिलं.

"बारा कुणाला कळणार आहे गं? सगळे खूश आहेत."

"मला कळतंय ना."

"मग आज परत मोज."

"माणसं येतील. नुसत्या अंगाच्या उबेनंही काटा हलतो. आणि नको म्हटलं तर रुसतील."

"तू नको म्हणूस," तितिना उठली. "मी म्हणते. माझ्यावर सगळे आधीच रुसलेत."

संध्याकाळी सात वाजता दोन्ना तितिना एर्सिलियाच्या जिन्याच्या पहिल्या पायरीशी खुर्ची टाकून बसली. मांडीवर झारा. गल्ली खाली जमली, वर कुणी गेलं नाही. कुत्र्यालासुद्धा परत पाठवलं. कालचा बारा खोटा निघाल्याचं एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मासेवाला तर तिकीट हातात धरून भांडायलाच आला होता. तितिनानं झारा नुसता या मांडीवरून त्या मांडीवर ठेवला.

वर एर्सिलिया एकटी. आज तिनं चंद्राच्या मागे डिश वळवायचीच नाही असं ठरवलं होतं. चंद्र ज्या वाटेनं सरकतो त्या वाटेवर थोडी पुढं, रिकाम्या काळ्या आकाशाकडे तोंड करून डिश ठेवली, आणि स्वतः दहा पावलं लांब, पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसली. मीटरवर इवला दिवा, आणि हातात साबातोची सामने बघायची दुर्बीण. आता पृथ्वीच फिरणार आणि चंद्राला डिशसमोर आणणार. हात लावायचा नाही, श्वाससुद्धा टाकीकडे तोंड करून सोडायचा.

काटा शून्यावर. पाच मिनिटं शून्यावर. बोटं गारठली. खाली कुणीतरी खोकलं, त्याला तितिनानं झापलं. सात मिनिटं. दुर्बिणीत काटा जरा जाड दिसला. तिला वाटलं डोळ्यात पाणी आलंय. पुसलं. जाड नव्हता, सरकला होता. अर्धी रेघ. एक. कुणी आसपास नव्हतं, काही तळलेलं नव्हतं, वारा पडलेला. दीड. दोन. तिथं तो थांबला. चंद्र डिशच्या अगदी समोर होता.

तिचं काळीज इतकं उडत होतं की त्याचाच ताव काट्याला लागेल अशी तिला भीती वाटली. पण खरी परीक्षा पुढं होती. चंद्र पुढं सरकला तर काटा उतरायलाच हवा. नाहीतर पुन्हा कुठली तरी परात. तिनं मनातल्या मनात शंभर मोजले, पुन्हा शंभर. काटा घसरू लागला. दीड. एक. चंद्र पुढं गेला, आणि काटा मुकाट्यानं शून्यावर येऊन बसला.

ती धावत कठड्याशी आली. तिनं कागदावर दोनचा आकडा लिहिला आणि भाजी वर ओढून घ्यायची टोपली दोरीनं खाली सोडली. टोपलीवर दहा डोकी झुकली.

"दोनच?" मासेवाला म्हणाला. "काल बारा होते."

सांतुच्चोनं विचारलं, की चार लाख किलोमीटरवरून आले तर दोन कमी कसे. यावर गल्लीत दोन तट पडले. साबातो पट्टा सांभाळत ओरडून सांगू लागला, की डिश त्याची आहे. तेवढ्यात वरून दुसरी चिठ्ठी आली: एकदा आला तर योगायोग म्हणतील, तीनदा मोजायचंय, कृपा करून हलू नका.

वर एर्सिलियानं डिश पुन्हा चंद्राच्या पुढं नेऊन ठेवली होती आणि टाकीमागे पळत गेली होती. शनिवारच्या टेबलासाठी वहीत दोन रकाने आखून झाले होते. एकात चंद्र, दुसऱ्यात तितिनाची परात, बारा रेघा, कारणासकट.

खाली कुणाचं तरी लहानसं हसू फुटलं. दोन्ना तितिनानं झारा वर केला.

"गप्प बसा," ती म्हणाली. "तो येतोय."