उशाशी बस

माझ्या भावाने मावशीला दारातून परत पाठवलं तेव्हा आई जागी होती. हे मी आधी सांगून ठेवते, कारण नंतर तो सगळ्यांना सांगत राहिला की आई झोपली होती, तिला काही कळलं नाही. मी आईचा हात धरून पलंगापाशी बसले होते. तिची बोटं माझ्या हातात आवळली गेली. तिला सगळं कळलं.

मावशी म्हणजे सख्खी मावशी नव्हे. आमच्या वाडीला लागून त्यांची वाडी, मधे एक विहीर, अर्धी त्यांची अर्धी आमची. त्या ख्रिस्ती, आम्ही हिंदू. त्यांची घरची बोली वेगळी, आमची वेगळी, पण आई आणि मावशी एकमेकींचं सगळं समजायच्या. दोघी एकमेकींना ‘बाय’ म्हणायच्या. चर्चला आणि देवळाला मात्र दोघींचा शब्द एकच होता, ‘देवल’. मावशी रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला निघाल्या की आईला ओरडून सांगायच्या, “बाय, देवलात चालले गं!” आई सोमवारी शंकराकडे निघाली की तीही हेच सांगायची. वसईत नव्याने राहायला आलेल्या माझ्या सासूबाईंना पहिल्यांदा वाटलं, दोघी एकाच ठिकाणी जातात.

आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी सासरहून माहेरी राहायला आले. तिची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. एखादा शब्द यायचा, तोही चुकीचा. पाणी हवं असलं की “चूल” म्हणायची आणि स्वतःवरच चिडून रडायची. मावशी रोज संध्याकाळी यायच्या. पेज आणायच्या, आईचे केस विंचरायच्या, आणि निघण्याआधी हातात जपमाळ धरून एक प्रार्थना म्हणायच्या. ती कुठल्या पुस्तकातली नव्हती. त्यांचा नवरा आजारी होता तेव्हा त्यांनीच ती जुळवली होती.

“देवा, आजचा दिवस तू दिलास, आम्ही तो वापरला.
मोडलं ते तुला दिसतंय, उरलं ते तुझ्या हाती.
रात्र मोठी आहे, उशाशी बस.”

पहिल्या काही दिवसांनंतर आई शेवटचा शब्द त्यांच्याबरोबर म्हणायला लागली. “बस.” स्पष्ट. दिवसभरात तिच्या तोंडून नीट येणारा तो एकच शब्द होता. तो म्हटला की तिचा चेहरा सैल व्हायचा आणि ती शांत झोपायची.

दादाचं कामणला गोदाम होतं, मावशींच्या वेळेला तो सहसा तिथेच असायचा; त्यांची प्रार्थना त्याने कधी नीट ऐकलीच नव्हती. धंदा चांगला चालला होता आणि नुकतंच त्याला गावातल्या देवळाच्या कमिटीचं अध्यक्षपद मिळालं होतं. एका संध्याकाळी कमिटीतले एक गृहस्थ आईला बघायला आले. मावशी प्रार्थना म्हणत होत्या. गृहस्थ दारातच थांबले, जपमाळ पाहिली, आणि ओट्यावर जाऊन दादाला म्हणाले, “आजारी माणसाला असंच गाठतात, शेठ. उद्या गावात बोलतील, अध्यक्षाच्या घरात काय चाललंय ते.” दादा हसला. पण मी त्याला ओळखत होते. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा तो ओट्यावर उभा होता.

“मावशी, उद्यापासून येऊ नका.”

“का रे बाबा? काय झालं?”

“काही नाही. तुमचा देव वेगळा, आमचा वेगळा. शेवटी आईच्या कानावर आमच्या देवाचं नाव पडू दे.”

मावशींनी हातातलं पेजेचं भांडं त्याच्यापुढे केलं. “एवढं तरी तिला भरव,” म्हणाल्या, आणि निघून गेल्या. मी बाहेर धावले, दादाशी भांडले. तो म्हणाला, “घर माझं आहे. तुला राहायचं असेल तर गप्प राहा.” आईला सोडून मी कुठे जाणार होते? मी गप्प राहिले. पण त्याच क्षणी मी ठरवलं, याची भरपाई मी करून घेईन.

त्याने नामजपाचं एक छोटं यंत्र आणून आईच्या उशाशी प्लगमध्ये लावलं. दिवसरात्र एकच नाव, एकाच पट्टीत. आई त्या नावाला आयुष्यभर हात जोडत आलेली बाई. पण यंत्र ऐकताना ती भिंतीकडे तोंड करायची. आणि संध्याकाळ झाली की दाराकडे बघत म्हणायची, “बस. बस.” दादाला वाटायचं, ती त्यालाच बस म्हणतेय. तो खुर्ची ओढून बसायचा, मोबाईल बघायचा, आणि बाहेर येऊन सांगायचा, “आईला मी लागतो. मला सोडत नाही.”

मी त्याला खरं सांगितलं नाही. ते मी जपून ठेवलं.

आई गेली तेव्हाही ते यंत्र चालूच होतं. प्लग मी काढला. स्मशानाबाहेर मावशी रस्त्यापलीकडे रिक्षापाशी उभ्या राहिल्या, आत आल्या नाहीत. दादाने त्यांना पाहिलं आणि मान फिरवली.

वर्ष होत आलं तेव्हा देवळाचा नवा सभामंडप पूर्ण झाला. दादाने त्यात आईच्या नावाने संगमरवरी पाटी बसवायचं ठरवलं. माझ्या घरी आला, चहा घेतला आणि म्हणाला, “नुसतं नाव कोरडं वाटतं. आई रोज काही म्हणायची का? एखादी ओळ सांग. तूच तर तिच्याजवळ होतीस.”

मी कप खाली ठेवला आणि त्या तीन ओळी म्हणून दाखवल्या. पहिल्या ओळीला त्याचे डोळे भरले. तिसऱ्या ओळीनंतर त्याने त्या मोबाईलमध्ये लिहून घेतल्या.

“आईच्या होत्या?”

“रोज संध्याकाळी म्हणायची,” मी म्हणाले. शेवटचा शब्द तर ती म्हणायचीच, तेवढं खोटं नव्हतं.

नालासोपाऱ्याला पाटी कोरायला दिली होती. मी मुद्दाम बघायला गेले. धुळीने पांढरा झालेला कारागीर ‘उशाशी’तला शा कोरत होता. मला इतकं बरं वाटलं की मी त्याच्यासाठी बाहेरून उसाचा रस आणला.

उद्घाटनाला मी मावशींना घेऊन गेले. आईचं वर्षश्राद्ध झालंय, गावाला प्रसाद आहे, एवढंच त्यांना सांगितलं. त्या बिचकत होत्या. मी म्हणाले, “माझ्याबरोबर चला, कोण काय बोलतो बघू.” मंडपात शेवटच्या रांगेत आम्ही बसलो. दादाने पाटीवरचा पडदा सरकवला, माईक हातात घेतला आणि वाचायला लागला. “देवा, आजचा दिवस तू दिलास...”

माझ्या शेजारून मावशींचा आवाज आला. त्यांनी ठरवून नाही केलं. जपमाळेची सवय असलेलं माणूस जसं आपोआप पुढचं म्हणतं, तसं त्या म्हणत गेल्या. दादाच्या पुढे एक शब्द. लोक माना वळवायला लागले. दादा तिसऱ्या ओळीवर अडखळला, आणि “उशाशी बस” एकट्या मावशींनी पूर्ण केलं.

कमिटीतले तेच गृहस्थ उठले. “बाई, तुम्हाला हे कसं माहीत?”

मी उभी राहिले. “कारण ही प्रार्थना त्यांची आहे. माझ्या आईसाठी त्या रोज म्हणायच्या. दादाने त्यांना दारातून हाकललं, कारण त्यांचा देव वेगळा. आता दाखव दादा, या दगडावर कुठे आहे वेगळा देव?”

मी तिथेच थांबायला हवं होतं, असं नवरा अजून म्हणतो. पण मी मुख्य गोष्ट अजून बोलले नव्हते.

“आणि ती तुला बस म्हणत नव्हती,” मी म्हणाले. “ती मावशींची वाट बघत होती.”

दादाने माईक खाली ठेवला. ज्याला भरचौकात कोणी थोबाडीत मारलीय, तशा माणसाचा त्याचा चेहरा झाला होता. मी तो नीट पाहून घेतला. मला दया आली नाही.

पाटी काढायची की ठेवायची यावर कमिटीची बैठक झाली. एक जण म्हणाला, काढा. गावातल्या म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, खाली यांच्या आईचं नाव आहे, कोण हात लावतो बघू. कुणीतरी म्हणालं, शब्दांत तर काहीच वावगं नाही, यात कुठल्या देवाचं नावच नाही. पाटी राहिली. दादाने पुढच्या वेळी अध्यक्षपदाला नाव दिलं नाही. देवळात तो आता बाहेरूनच हात जोडतो, आत पाटीसमोर जात नाही, असं ऐकते.

मावशी मात्र माझ्यावर भडकल्या. दुसऱ्याच दिवशी घरी आल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही.

“मला विचारलंस तू? माझी प्रार्थना काठीसारखी वापरलीस.”

“मावशी, त्याला कळायला नको का, देव एकच आहे ते?”

“तुला कोणी सांगितलं एकच आहे?” त्या म्हणाल्या. “मी नाही मानत तसं. माझा देव कोण, मला माहिती आहे. त्याला नाव आहे. तुझी आई म्हणायची एकच, मी म्हणायचे नाही. विहिरीवर पानी भरताना जन्मभर भांडलो आम्ही. एकदा तर तिने माझ्याशी बोलणं टाकलं होतं यावरून.”

भरल्या मंडपात मी जे ओरडून सांगितलं होतं, ते ज्यांच्यासाठी सांगितलं त्यांनाच मान्य नव्हतं. आणि दादाने ओट्यावरून जे वाक्य फेकलं, नेमकं तेच वाक्य मावशी माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणत होत्या. पण त्या ते मनात ठेवून रोज माझ्या आईचे केस विंचरत होत्या. दादाने त्याच वाक्याचा बंद दरवाजा केला. देव एक की दोन, मला आजही सांगता येणार नाही. आईचं म्हणणं खरं की मावशींचं, हेही नाही. ती दोघींची बाब होती आणि त्यातली एक आता नाही.

दादाला मी माफ केलेलं नाही. भाऊबिजेला त्याने फोन केला, मी उचलला नाही. लोक म्हणतात, झालं गेलं. माझ्यासाठी झालेलं आहे, गेलेलं नाही.

मावशींना आता नीट दिसत नाही, म्हणून रविवारी मी त्यांना रिक्षाने चर्चला घेऊन जाते आणि बाहेर बाकावर बसते. गेल्या रविवारी त्या काठी टेकत बाहेर आल्या आणि सहज म्हणाल्या, “आज मिस्सा तुझ्या भावासाठी सांगितली होती, फादरनी त्याचं नाव घेतलं.”

मी तिथेच थांबले. “कशाला? त्याने तुमच्याशी काय केलं, विसरलात?”

“विसरले नाही.”

“मग? नका करू त्याच्यासाठी काही. मला नाही आवडत.”

“माझा देव आहे,” मावशी म्हणाल्या, “त्याच्याकडे काय मागायचं ते तू नको सांगू मला.” आणि रिक्षात चढायला माझा हात शोधायला लागल्या. मी रागात होते, तरी हात दिला.