तिसरी पट्टी

इजिप्तमधल्या दुमियातच्या सुतारांना एक खोड आहे. काही हललं की ते आधार ठोकतात. या खोडीपायी इन्साफचं डोकं कायम फिरलेलं असे, कारण तिचं पोटच हलणाऱ्या वस्तूंवर होतं: घडीच्या खुर्च्या, उचलायचे पलंग. हे काम तिला बापाने, बदावींनी शिकवलं; कसबी कारागीर म्हणून सगळे त्यांना उस्ता म्हणत. त्यांचं अर्धं अंग लुळं पडल्यावर दुकान आणि बाप दोन्ही तिनेच ओढलं. थोरला भाऊ शुक्री कपाटं करी आणि सल्ले देई.

बापासाठी तिने भिंतीला खाट बसवली होती, दोन्ही टोकांना सांध्यांवर फिरणाऱ्या, सारख्या लांबीच्या दोन लोखंडी पट्ट्यांवर. उस्तांनी चांगल्या हाताने दोर ओढला की खाट न कलंडता खिडकीपर्यंत चढे. खाटेला तेवढीच वाट ठेवली होती, वर नाहीतर खाली. खालच्या चहाच्या दुकानातले म्हातारे डोमिनोच्या चाली विचारत आणि उस्ता वरून त्यांची अक्कल काढत. त्या खिडकीसाठीच माणूस जगत होता.

एके दिवशी इन्साफ गिऱ्हाइकाकडे पलंग पोचवायला गेली. मागे शुक्री आला, खाट डुलताना बघून कळवळला आणि मधोमध तिसरी पट्टी ठोकून गेला. नखभर आखूड. उस्तांनी दोर ओढला तेव्हा सांध्यांच्या ढिलाईवर खाट निम्मी चढली आणि अडकली, ना वर ना खाली. इन्साफ परतली तेव्हा उस्ता दुपारपासून तिथेच लटकलेले होते, ओठ सुकलेले, डोळ्यांसमोर नुसती भिंत.

तिने शुक्रीला बोलावून घेतलं. तो म्हणाला, आधारच तर दिला.

"आधार? तिसरी घालायची तर केसाचाही फरक चालत नाही, नाहीतर सगळं जाम. तू बाबांचं कपाट करून टाकलंस."

त्या पट्टीवर करवत चालवता चालवता तिने बापाला विचारलं, हाक का नाही मारली?

"लोक वर आले असते," उस्ता जड जिभेने म्हणाले. "शुक्रीची छी-थू झाली असती. मायेनं केलंय पोरानं."

इन्साफच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने इतकी वर्षं जे कष्ट उपसले, त्यांना या घरात कुणी माया म्हटलं नव्हतं. ते काम होतं.

पट्टी खाली पडली. उस्तांनी दोर ओढला, खाट खिडकीशी गेली. कुठे होतात, खालून कुणीतरी विचारलं.

"झोप लागली होती," उस्ता म्हणाले.

इन्साफने त्यांच्या शेजारून डोकं बाहेर काढलं. "शुक्रीने टांगून ठेवलं होतं त्यांना," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली. "दुपारभर."

उस्तांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. हळूहळू दोर सोडला. खाट कुठेही न अडखळता खाली गेली.