मांडवची चिंच

आईला दिवस गेले होते आणि पोटात घोटभर पाणी ठरत नव्हतं. माझ्या पाठची दोन भावंडं पाळण्यातच गेलेली, त्यामुळे घर धास्तावलेलं. या खेपेला आईने दुपटं शिवायलाही साफ नकार दिला होता. ती कोकणातली; तिला डोहाळे लागले आमसुलाच्या साराचे. आता इकडे माळव्यात, धारला आमसूल आणायचं कुठून?

वडील दरबारच्या नोकरीत होते. मांडवगडच्या दौऱ्यावरून ते एक फळ घेऊन आले. दुधीसारखं लांबट, लाकडाइतकं टणक, वर मऊ हिरवट लव. मांडवची गोरखचिंच.

"रानातलं काहीबाही गर्भारणीला द्यायचं नाही!" आत्या कडाडली. वडिलांची ही थोरली बहीण घर चालवायची आणि तिच्यापुढे कुणाची टाप नव्हती.

"अक्का, तिकडच्या बायका खातात. पित्त बसतं, अंगात ताकद येते. वैद्यबुवांना विचारून आलोय."

एरवी पाण्याचा तांब्याही हाताने न घेणारे वडील अंगणात बसले. दगडाने फळ फोडून त्यांनी आतला पिठूळ पांढरा गर पाण्यात कोळला, गूळ-जिरं घातलं. आई प्यायली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहिलो. पोटात ठरलं! मला वडिलांचं इतकं कौतुक वाटलं म्हणता!

मग दर दौऱ्यातून फळं येऊ लागली. बिया मी परसात पुरून रोज पाणी घालायची, पण एक रुजेल तर शपथ. वडिलांचा चपराशी हसायचा, "बई, यो झाड मोटो होयगा जद तक तम डोकरी हुई जावगा."

सातव्या महिन्यात आजोळहून आमसुलं आली. आत्याने मोठ्या थाटात सार केलं. आईने एक घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली.

"वन्सं, मांडवची चिंच उरलीय का हो?"

"कमाल आहे बाई! आमसूल आमसूल करून जीव खाल्लास आमचा!" असं म्हणत आत्या शेवटचं फळ आणि दगड घेऊन आली. फळ चांगलंच वाळलं होतं. आईने ते हातात घेऊन हलवलं. आत बिया खुळखुळल्या.

"राहू द्या," ती म्हणाली. "फोडू नका. बाळाला खुळखुळा होईल."

इतक्या महिन्यांत बाळाचं नाव तिने पहिल्यांदा काढलं होतं. आत्याने दगड ठेवला, पदराने डोळे पुसले आणि दुपट्यांसाठी जुनी लुगडी शोधायला गेली.

तो खुळखुळा माझ्या धाकट्या भावाने दुडुदुडु चालत जाऊन पायरीवर आपटून फोडला. आईने त्याला रागावायचं सोडून त्याची दृष्ट काढली.