शेवग्यावरचं मोहोळ

आई गेल्यावर अण्णांना मी मासवणला घेऊन आले, तेव्हा माझ्या या वडिलांनी बोलणंच टाकलं होतं. विचारलं तर 'हं', नाही विचारलं तर तेही नाही. ताटातलं चिवडायचे आणि उठायचे. मी मुळातली फटकळ. थोडे दिवस कळ काढली, मग एकदा सुनावलंच, "अण्णा, माझीपण आई गेलीय. तुम्ही उपाशी राहिलात म्हणून ती परत येणार नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि भरल्या पानावरून उठले. आत माझा जीव तुटत होता आणि तोंडातून निघत होतं ते हे असं.

मधमाश्यांची पेटी आमच्याकडे त्याआधीपासून होती. पालघरला बायकांसाठी शिबिर झालं, त्यात मी हौसेनं नाव घातलं होतं. पेटी मिळाली, माश्या काही मिळाल्या नाहीत. "तुमच्याकडे सातेरी माशी रग्गड आहे, मोहोळ फुटून बाहेर पडलं की धरा," एवढं सांगून शिकवणारे मोकळे झाले. पेटी परसात शेवग्याजवळ नुसती उभी. आमचे हे बोईसरला कामावर निघताना रोज विचारायचे, "काय, भाडेकरू मिळाला का?"

शेवगा फुलला होता तेव्हाची गोष्ट. सकाळी शेजारच्या मावशींनी कुंपणातून हाक मारली. येऊन बघते तर शेवग्याच्या फांदीला तपकिरी लोंबतं काहीतरी, कुणी ओलं पोतं अडकवल्यासारखं, आणि ते सगळं हलत होतं.

"गवऱ्या पेटव न धूर दे," मावशी म्हणाल्या. "जातील निघून."

"मला धरायच्यात त्या."

"धरून काय करशील? कोंबड्या हायत का त्या पाळायला?"

घरधनी कामावर. शिबिरात सांगितलं होतं, घर सोडून निघालेल्या माश्यांची पोटं मधानं भरलेली असतात, त्या सहसा डसत नाहीत. पण हे माश्यांना कुणी सांगितलं होतं? उशीचा जुना अभ्रा हातात घेऊन मी झाडाखाली उभी राहिले आणि माझे हात लटपटायला लागले. तेवढ्यात अण्णा बाहेर आले. तोंडाला उपरणं गुंडाळलं आणि म्हणाले, "फांदी मी हलवतो. तू नुसती पिशवी धर. घाबरू नको."

किती महिन्यांनी इतकं बोलले.

त्यांनी फांदीला हिसका दिला आणि अख्खं मोहोळ अभ्र्यात धपकन पडलं. एक माशी त्यांच्या कानाला डसली, ती त्यांनी उपरण्यानं झटकून टाकली. आम्ही अभ्रा पेटीत उलटा केला, झाकण लावलं आणि लांब जाऊन बसलो. थोड्या वेळानं पेटीच्या दाराच्या फळीवर काही माश्या शेपटी वर करून पंख फडफडवायला लागल्या आणि बाहेर राहिलेल्या एकेक करून आत चालत गेल्या. "राणी आत आहे," मी म्हटलं. राणी मला दिसली नव्हती, पण बाकीच्या जात होत्या त्याअर्थी असणारच. त्या रात्री अण्णांनी भाकरी मागून घेतली. जावयाला सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. त्यात माझे हात जरा जास्तच लटपटत होते.

मग त्यांची खुर्ची कायमची परसात गेली. "आल्या बघ, पायाला पिवळे गोळे लावून आल्या," असं मला चुलीपाशी ऐकू यायचं. दाढी करायला लागले. एकदा म्हणाले, "तुझ्या आईला दाखवायला पाहिजे होतं." तिचं नाव त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघालं. या माश्या टिकल्या तर अण्णा टिकतील, असं मी मनाशी घट्ट धरून बसले.

नव्या माश्यांना साखरेचा पाक ठेवावा लागतो, आणि पाक म्हटला की मुंग्या आल्याच. पेटीच्या स्टँडच्या पायांखाली मी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या. पण एका लग्नासाठी आम्ही दोघं केळव्याला गेलो आणि त्या उन्हात वाट्या आटल्या. घरी अण्णा एकटे. त्यांना पेटीवर चढणारी मुंग्यांची रांग दिसली. आमच्या माहेरी मुंग्यांना एकच उपाय, मुंग्या मारायचा विषारी खडू. आई गुळाच्या डब्याभोवती ओढायची, देव्हाऱ्याखाली ओढायची. अण्णांनी स्वयंपाकघरातला तो खडू घेतला आणि स्टँडच्या पायांवर रेघा मारल्या. मुंगी आत शिरूच नये म्हणून दाराच्या फळीवरही एक मारली, चांगली गिरवून. माश्या उतरतात ती हीच फळी.

आम्ही आलो तेव्हा पेटीखाली माश्यांचा सडा पडला होता. काही उताण्या पडून पाय झाडत होत्या. मी फळी ओल्या फडक्यानं पुसून काढली, पण उशीर झाला होता. वाचल्या त्या दुसऱ्या दिवशी उडून गेल्या. झाकण काढलं तर चौकटीला तळहाताएवढं पांढरंशुभ्र नवं पोळं. मला रडू आलं.

अण्णांना म्हटलं, "सातेरी अशीच असते. मनात आलं की उठून जाते." तशी ती असतेही. पण अण्णा काही दुधखुळे नव्हते. आत गेले, खडूचं खोकं घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मीच मारल्या."

"काळजीनं केलंत तुम्ही, अण्णा."

"काळजी," ते म्हणाले आणि खाली बसले. "त्या रात्रीपण काळजीच केली. तुझ्या आईच्या छातीत दुखत होतं. मी म्हटलं पित्त झालंय, ओवा चाव आणि पड. उगाच पोरांना फोन करून कशाला घाबरवायचं? पहाटेपर्यंत होती गं ती. पाणी मागत होती."

आम्हा भावंडांना त्यांनी सांगितलं होतं, आई झोपेत गेली. तिला काही कळलं नाही, एवढ्याच एका गोष्टीवर मी धीर धरून होते. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारलं. ते मान खाली घालून बसले होते. कानावर डंखाचा बारीक डाग अजून दिसत होता.

"पाणी दिलंत का तिला?" मी विचारलं.

"दिलं. माझ्या हातानं दिलं. मांडीवर डोकं घेऊन."

मग मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघं एकत्र रडलो.